विभक्तांचा व्यवहार

‘त्या दोन घरांचा व्यवहार तुटला’ असे गावात कोणी सांगितले की ऐकणारा पुढे फारसे विचारीत नाही. वाटीभर साखरेची उसनवार थांबली, पेरणीच्या दिवसांत एकाची बैलजोडी दुसऱ्याच्या रानात जाईनाशी झाली, लग्नाची अक्षत आणि सुतकाचा निरोप दोन्ही त्रयस्थाच्या हातून जाऊ लागले, एवढे सगळे त्याला त्या एका वाक्यात कळलेले असते. पैशाचा उल्लेख त्यात कुठेच नसतो. आणि तरी हाच शब्द आपण पेढीवर वापरतो, खरेदीखतावर वापरतो, आणि शंकराचार्यांच्या भाष्यात हाच शब्द येतो तेव्हा त्याच्या पोटात अवघे दृश्य जग मावते. वाचकहो, एका शब्दाने इतक्या घरी राहावे आणि कुठेही पाहुण्यासारखे राहू नये, याचे मला फार वर्षे कोडे वाटत आले आहे. त्या कोड्याची एक उकल मला सापडली ती पोथीत नव्हे, कोरियाच्या नकाशावर. दुभंगलेल्या एका देशाच्या दोन अर्ध्यांनी एकमेकांशी जे केले, आणि जे करायचे सोडून दिले, त्याच्या कहाणीत. तीच आपल्यापुढे ठेवतो.

आधी शब्दाकडे पाहू. ‘वि’ आणि ‘अव’ हे दोन उपसर्ग आणि ‘हृ’ हा धातू, एवढी या शब्दाची शिदोरी. हृ म्हणजे नेणे, वाहून नेणे. तेव्हा या हातातले त्या हाती, या दारातले त्या दारी काहीतरी नेले जाणे हा व्यवहाराचा पहिला पदर. पण याज्ञवल्क्यस्मृती उघडली तर तिच्या मधल्या भागाचे नावच व्यवहाराध्याय, आणि तिथे व्यवहार म्हणजे बाजार नव्हे. तिथे व्यवहार म्हणजे तंटा, दोन पक्षांनी सभेपुढे येऊन मांडलेला वाद. कात्यायनाने तर शब्दाची फोडच वेगळी केली: नाना प्रकारच्या संदेहांचे हरण करणारा तो व्यवहार. ऋणाचा वाद, ठेवीचा वाद, शेताच्या सीमेचा वाद आणि भावाभावांतल्या वाटणीचा वाद, हे सगळे त्या एका शब्दाच्या छायेत बसलेले. म्हणजे आपल्या पूर्वजांना देवघेव आणि भांडण या दोन गोष्टींसाठी दोन शब्द असावेत असे वाटलेच नाही. जिथे देणेघेणे आहे तिथेच तंटा संभवतो. ज्याच्याशी काही देणेघेणे नाही त्याच्याशी भांडावे तरी कशावरून?

याच अध्यायात एक वचन आहे, ज्याच्यापाशी मी पुन्हा पुन्हा जाऊन थांबतो. त्याचा आशय असा की भाऊ जोवर अविभक्त आहेत तोवर त्यांच्यामध्ये एकमेकांचे ऋण नाही, जामीनकी नाही आणि एकमेकांसाठी साक्षही नाही. का नाही? कारण ज्यांची चूल एक, कोठार एक, त्यांतला कोण कुणाला उसने देणार? देणारा आणि घेणारा असे दोन हात तिथे निराळे झालेलेच नाहीत. वाटणी झाली, चुली वेगळ्या झाल्या, की मग भाऊ भावाला कर्ज देऊ शकतो, जामीन राहू शकतो, साक्षीला उभा राहू शकतो. याचा अर्थ नीट मनात उतरू द्यावा. भावाभावांतला व्यवहार वाटणीनंतर सुरू होतो; तो विभक्तपणाचे अपत्य आहे. म्हणून विभक्तांमध्ये व्यवहार चालू आहे असे दिसले की एकीकडे ते वेगळे झाल्याचा तो पुरावा असतो, आणि दुसरीकडे ते परके न झाल्याचाही.

कोरियाची वाटणी भावांनी केलेली नव्हती. ऑगस्ट १९४५ मध्ये जपान शरण येण्याच्या सुमारास अमेरिकेच्या दोन अधिकाऱ्यांनी, डीन रस्क आणि चार्ल्स बोनस्टील यांनी, रात्रीच्या वेळी एक नकाशा पुढे घेऊन अर्ध्या तासात ३८वे अक्षवृत्त निवडले. उत्तरेकडे रशियाचे सैन्य, दक्षिणेकडे अमेरिकेचे. ज्यांच्या घराची ही वाटणी त्यांना कोणी विचारले नाही. आणि वाटणी झाली तीही अशी की एकाच्या वाट्याला चूल आली आणि दुसऱ्याच्या वाट्याला सरपण: धरणे, वीज, खतांचे मोठे कारखाने उत्तरेत राहिले, भाताची सुपीक खाचरे दक्षिणेत. दक्षिणेची निम्म्याहून अधिक वीज उत्तरेकडून येत असे. आपल्याकडे वाटण्या होताना शेत फोडतात पण विहीर सामाईक ठेवतात, आणि पाण्याच्या पाळ्या ठरवून घेतात. तशी ही वीज म्हणजे त्या दोन घरांची सामाईक विहीर होती. १० मे १९४८ रोजी दक्षिणेने स्वतःपुरती निवडणूक घेतली. विजेच्या देयकांवरून कुरबूर आधीपासून चाललीच होती; १४ मे रोजी उत्तरेने वीज तोडली. पाहा, निमित्त थकलेल्या पैशाचे, कारण राजकारणाचे, आणि काळोख मात्र घरोघरी. व्यवहाराचे दोन्ही अर्थ, देणे आणि तंटा, त्या एका दिवशी एकाच तारेत सापडले.

पुढे या दोन अर्ध्यांमध्ये पेटलेल्या युद्धाबद्दल मी थोडेच बोलेन, कारण युद्धावर पुष्कळ लिहिले गेले आहे. २७ जुलै १९५३ रोजी शस्त्रसंधी झाली, तह आजतागायत झालेला नाही, आणि दोन्ही बाजूंच्या मध्ये चार किलोमीटर रुंद आणि सुमारे अडीचशे किलोमीटर लांब असा एक बांध पडला, ज्याला निर्लष्करी पट्टा म्हणतात आणि ज्याच्या दोन्ही अंगांना जगातले सर्वांत दाट लष्कर उभे आहे. एक आठवण मात्र मराठी माणसाने जपण्यासारखी आहे. युद्धकैद्यांपैकी ज्यांना मायदेशी परतायचे नव्हते त्यांना सांभाळण्यासाठी भारताचे सैन्य तिथे गेले होते, आणि त्याचे अधिपती होते कोल्हापूरकडचे शंकरराव थोरात. त्या कैद्यांतल्या काहींनी उत्तरही नको म्हटले आणि दक्षिणही. अशा ८८ जणांना घेऊन आपले सैन्य १९५४ साली परतले. वाटणी झालेल्या घरात दोन्ही खोल्या नाकारून दाराबाहेर पडणारा एखादा तरी असतोच.

त्यानंतर पस्तीस वर्षे जवळजवळ अबोला. अबोल्याबद्दल निरूपण करता येत नाही. तो नुसता असतो.

१९८८ च्या जुलैत दक्षिणेचे अध्यक्ष रोह ते-वू यांनी उत्तरेशी व्यापाराची वाट मोकळी करण्याची घोषणा केली, आणि १९९० साली त्यासाठी कायदा झाला. त्या कायद्यातले एक बारीकसे कलम मला फार अर्थपूर्ण वाटते. उत्तरेशी होणाऱ्या व्यापाराला तिथे आयात-निर्यात म्हणत नाहीत. ‘बानचुल’ आणि ‘बानिप’ असे दोन शब्द योजले आहेत, ज्यांचा सरळ अर्थ ‘बाहेर वाहून नेणे’ आणि ‘आत वाहून आणणे’. हा दोन राष्ट्रांमधला नव्हे, एका राष्ट्राच्या अंतर्गत व्यापार मानायचा, म्हणून त्यावर सीमाशुल्कही नाही. आणि १९९१ च्या अखेरीस दोन्ही बाजूंनी केलेल्या करारात आपले नाते राज्याराज्यांमधले नसून एकीकरणाच्या वाटेवर तात्पुरते निर्माण झालेले एक विशेष नाते आहे असे लिहून ठेवले. हृ धातूचा अर्थ वाहून नेणे, हे वर आलेच आहे. दूरच्या एका देशाच्या कायदेपंडितांनी भावाशी करायच्या व्यापाराला नाव शोधताना नेमकी ‘वाहून नेणे’ हीच क्रिया निवडावी, यात मला योगायोगापेक्षा अधिक काही दिसते. पण तो माझा स्वभावदोष असेल.

या व्यवहाराचे सर्वांत निर्मळ रूप म्हणून मी एका म्हाताऱ्याकडे बोट दाखवीन. चुंग जू-युंग, ह्युंदाई उद्योगाचे संस्थापक. जन्म १९१५ चा, गाव तोंगचोनकडचे, जे वाटणीत उत्तरेला गेले. पोरवयात घर सोडून पळताना या मुलाने बापाने गाय विकून आणलेले पैसे उचलले होते. जून १९९८ मध्ये, वयाच्या ८२व्या वर्षी, ट्रकांमध्ये ५०० गुरे घालून ते पानमुनजोमची सीमारेषा ओलांडून उत्तरेत गेले, आणि ऑक्टोबरात पुन्हा ५०१ घेऊन गेले. एका गायीचे ऋण, मुद्दल आणि व्याज मिळून, एक हजार एक. ऋण हा व्यवहाराध्यायातला पहिला विषय, आणि आपल्या परंपरेत पितृऋण हे न फिटणाऱ्या ऋणांपैकी एक. या व्यापाऱ्याने दोन्ही अर्थांची सांगड एका कळपात घातली. व्यवहारी माणूस म्हणून त्यांना त्यातून पुढची कंत्राटेही हवी होती, हे खरेच आहे. मला त्याने ती गाय लहान वाटत नाही.

आणि मग केसाँग. हे नगर सोलच्या वायव्येला, मोटारीने तासाभराच्या अंतरावर. गोर्यो राजवंशाची ही राजधानी, आणि गोर्यो या नावावरूनच जगाने त्या देशाला कोरिया म्हटले. १९४५ च्या रेषेत केसाँग दक्षिणेत पडले होते, युद्धानंतर ते उत्तरेत गेले. असे दोन्ही वाट्यांची चव घेतलेले गाव. पण त्याची कीर्ती राजांपेक्षा सावकारांची. इथले व्यापारी जिनसेंगच्या मुळ्या विकत, देशभर पेढ्या चालवीत, आणि येणे, देणे, नफा, तोटा अशा चार अंगांनी हिशेब ठेवण्याची त्यांची स्वतःची दुहेरी नोंदीची पद्धत होती. वहीच्या त्या गावातच या शतकाच्या आरंभी दोन भावांनी सामाईक वही उघडायचे ठरवले. २००० च्या जूनमध्ये दोन्हीकडचे प्रमुख प्रथमच भेटले, त्याच वर्षी तिथे औद्योगिक वसाहत उभारण्याचा करार झाला, २००३ साली पायाभरणी, आणि डिसेंबर २००४ मध्ये तिथल्या कारखान्यातून पहिला माल निघाला: स्वयंपाकाची भांडी. दक्षिणेचे भांडवल आणि यंत्रे, उत्तरेचे हात. ती पातेली सोलच्या दुकानात आली तेव्हा लोकांनी रांग लावून घेतली, आणि त्यांना नाव पडले ‘एकीकरणाची पातेली’. चूल वेगळी झाल्याने वाटणी सिद्ध होते असे धर्मशास्त्र सांगते. मग एका घरी घडलेले भांडे दुसऱ्या घरच्या चुलीवर चढते त्याला काय म्हणावे?

धर्मशास्त्राकडे त्यासाठीही शब्द आहे: संसृष्टी. वाटण्या झाल्यानंतर प्रेमापोटी ज्यांनी आपले धन पुन्हा एकत्र केले ते संसृष्ट. आणि इथे एक अट आहे. संसृष्टी पित्याशी होते, भावाशी होते, चुलत्याशी होते, परक्याशी होत नाही. परक्याशी जी होते ती भागीदारी. केसाँग म्हणजे संसृष्टी होती की भागीदारी, या प्रश्नाचे उत्तर शेवटपर्यंत कोणी नीट दिले नाही, आणि सारा घोळ तिथे होता. जर्मनीच्या दोन अर्ध्यांनी हा प्रश्न चतुराईने बाजूला ठेवला होता. एकमेकांचे चलन मान्य नव्हते, तर १९५१ च्या करारात एक कागदी ‘हिशेबी एकक’ निर्माण केले. तूट पडली तर बिनव्याजी उचल दिली. आणि युरोपच्या सामाईक बाजारातही हा आमचा घरचा व्यापार आहे अशी सवलत पश्चिमेने मिळवून ठेवली. १९६० साली पश्चिमेने रागाने करार मोडला, आणि तीन महिन्यांत तो पुन्हा सुरू झाला. पुढच्या ऑगस्टात बर्लिनची भिंत उभी राहिली, तरी वही मिटली नाही. ते १९९० साली संसृष्ट झाले ते या व्यापारामुळे, असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणाऱ्यांचा भाबडेपणा मला कधी पटलेला नाही.

केसाँगच्या भरभराटीच्या दिवसांत तिथे दक्षिणेच्या सव्वाशेच्या आसपास कंपन्या होत्या, आणि उत्तरेचे चोपन्न हजारांवर कामगार, बहुतेक स्त्रिया. कपडे, घड्याळे, पादत्राणे, विजेचे सुटे भाग. आणि वीज? ती दक्षिणेकडून मनोऱ्यांच्या रांगेवरून येत होती. पाणी तर शुद्ध होऊन केसाँग शहरालाही जात होते. १९४८ साली जी विहीर बुजवली गेली ती साठ वर्षांनी उलट्या दिशेने वाहू लागली.

या सगळ्यात मला जी वस्तू व्यवहार या शब्दाच्या गाभ्याशी सर्वांत जवळची वाटते ती चोको पाय नावाची एक छोटीशी मिठाई. मालकांना कामगारांच्या हातात थेट पैसा देण्याची मुभा नव्हती. पगार डॉलरमध्ये उत्तरेच्या सरकारकडे जाई आणि कामगाराला त्याचा काही भाग तिथल्या चलनात आणि कुपनांत मिळे. मग जास्तीच्या कामाबद्दल देणार काय? दुपारच्या वेळी चॉकलेटाने माखलेली, मध्ये मऊ गोडी भरलेली ही वडी द्यायची. बायकांनी ती खाल्ली नाही. घरी नेली, मुलांना दिली, बाजारात विकली, आणि बघता बघता उत्तरेच्या बाजारांत ती जवळजवळ नाण्यासारखी फिरू लागली. २०१४ साली उत्तरेने ती देणे थांबवायला लावले. कोणत्याही राज्याला आपल्या नाण्याशेजारी दुसरे नाणे सहन होत नाही, आणि हे नाणे तर गोड होते.

पण चोख व्यवहार म्हणतात तो हा नव्हे, हेही आपण प्रामाणिकपणे मानले पाहिजे. ज्याच्या कष्टाचे मोल ठरते त्याच्या हाती ते मोल पडत नाही, तिथे वहीत एक ओळ खोटी आहे. २००० च्या त्या भेटीआधी ह्युंदाईमार्फत कोट्यवधी डॉलर गुपचूप उत्तरेला पोचवले गेले होते, हे पुढे चौकशीत बाहेर आले. झाकलेले देणे व्यवहारात बसत नाही. व्यवहाराला साक्षी लागतो.

आता तंट्याकडे वळू, म्हणजे त्याच शब्दाच्या दुसऱ्या अंगाकडे. २६ मार्च २०१० रोजी दक्षिणेची चोनान ही युद्धनौका बुडाली, ४६ खलाशी गेले. दक्षिणेने उत्तरेवर दोष ठेवून मे महिन्यात सगळा व्यापार बंद केला, केसाँग तेवढे वगळले. त्याच नोव्हेंबरात योनप्योंग बेटावर उत्तरेचे तोफगोळे पडले, आणि तरीही केसाँगची शिवणयंत्रे थांबली नाहीत. एकीकडे तोफ, दुसरीकडे सुई, आणि दोन्ही त्याच दोन घरांमध्ये. एप्रिल २०१३ मध्ये मात्र उत्तरेने आपले कामगार काढून घेतले आणि पाच महिने सारे ठप्प झाले. पुन्हा दारे उघडली तेव्हा त्याआधीच्या ऑगस्टातील करारात दोघांनी लिहून दिले होते की यापुढे परिस्थिती कशीही असो, तिचा परिणाम होऊ न देता केसाँग चालू राहील. आपण भाऊबंदकीत वाढलेली माणसे. असल्या वाक्याखाली सही करणाऱ्यांकडे आपण जरा जपूनच पाहतो.

जानेवारी २०१६ मध्ये उत्तरेने अणुचाचणी केली, फेब्रुवारीत अग्निबाण सोडला, आणि १० फेब्रुवारीला दक्षिणेने, जिने त्या वाक्याखाली सही केली होती त्या दक्षिणेनेच, केसाँग बंद केल्याचे जाहीर केले. दुसऱ्या दिवशी उत्तरेने सगळ्यांना हाकलून मालमत्ता गोठवली. रात्री दक्षिणेने वीज आणि पाणी तोडले. मोटारींच्या टपांवर गाठोडी बांधून माणसे परतली, शिवलेले कपडे आणि यंत्रे मागे राहिली. कारण सांगितले गेले की तिथला पैसा शस्त्रांकडे जातो. २०१७ साली सोलनेच नेमलेल्या समितीने या दाव्याला ठोस पुरावा नव्हता आणि निर्णय अध्यक्षांच्या तोंडी आज्ञेने झाला होता, असे म्हटले. कारखानदार न्यायालयात गेले. २०२२ साली संविधान न्यायालयाने बंदी वैध ठरवली.

मला इथे देहूचे वाणी आठवतात. तुकोबांनी घराण्याची कर्जखते इंद्रायणीत बुडवली, हे आपण सारे जाणतो. पण चरित्रकार जे सांगतात त्यातला एक बारकावा आपण विसरतो. त्यांनी आधी खतांची वाटणी केली, धाकट्या भावाचा, कान्होबाचा, अर्धा वाटा त्याच्या हाती दिला, आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. ज्याने संसाराचे येणे सोडले त्यानेही भावाचे येणे सोडले नाही, कारण ते सोडण्याचा अधिकार त्याचा नव्हता. विरक्तीच्या त्या परमोच्च क्षणीही व्यवहार चोख. केसाँगला दोन्ही राज्यांनी जी खते पाण्यात टाकली ती शिवणाऱ्या बायकांची होती, कर्ज काढून कारखाना उभारणाऱ्यांची होती. राज्यांनी आपापल्या वाट्याचे काय बुडवले, हे मला शोधूनही सापडले नाही.

वेदान्तात सत्तेचे तीन थर सांगतात: पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोन्ही कोरियांनी एकत्वाला दीर्घकाळ परमार्थाच्या आसनावर बसवले, संविधानात, गाण्यांत, कमानींवर. आणि एकमेकांविषयीच्या भयाचे तर दोरीवरच्या सर्पासारखे कितीतरी आभास उभे केले, ज्यांतले काही सर्प, दुर्दैवाने, खरेच निघाले. मधला थर मात्र दोघांनाही हलका वाटला. आचार्यांना तो कधी हलका वाटला नव्हता. ज्ञान होईपर्यंत व्यवहार बाधित होत नाही, त्याच्याच भूमीवर गुरू भेटतो, शास्त्र ऐकू येते, भूक लागते आणि भूक भागते. परमार्थाच्या नावाने व्यवहार लाथाडणाऱ्याच्या हाती आभासच उरतो. केसाँगची पातेली एकत्वाचा साक्षात्कार नव्हती, शत्रूची मायाही नव्हती. ती पातेली होती, आणि तिच्यात भात शिजत होता.

पुढचे थोडक्यात सांगतो. २०१८ साली पुन्हा गळाभेटी झाल्या, त्या सप्टेंबरात केसाँगमध्ये दोघांचे संपर्क कार्यालय उघडले, आणि १६ जून २०२० रोजी उत्तरेने ते स्फोटाने उडवले. जानेवारी २०२४ मध्ये उत्तरेचे नेते किम जोंग-उन यांनी दक्षिण ही आता बांधव नव्हे, शत्रुराष्ट्र आहे, आणि एकीकरण, देशबांधव हे शब्दच संविधानातून काढावेत असे सांगितले. आजवर जो तंटा होता तो दायादांचा होता, वाटा मागणाऱ्यांचा. ज्याला वाटाच नको, ज्याने नातेच पुसले, त्याच्याशी तंटाही उरत नाही, म्हणजे व्यवहाराचा दुसरा अर्थही गेला. फेब्रुवारीत उत्तरेने दक्षिणेशी आर्थिक सहकार्याचे कायदे रद्द केले. मार्चमध्ये दक्षिणेने केसाँगचा कारभार पाहणारी आपली संस्था विसर्जित केली. ऑक्टोबरात उत्तरेने दोन्हींना जोडणारे रस्ते सुरुंग लावून फोडले. आणि त्या नोव्हेंबरात उत्तरेचे सैनिक केसाँगला वीज नेणाऱ्या मनोऱ्यांवर चढून तारा कापताना दक्षिणेच्या सैन्याला दिसले. त्या तारांतली वीज कधीचीच थांबलेली होती.